राहिलेल्या निळ्याचा तपास

"लिही," मामा म्हणाला, "ज्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असा हा गुप्तहेर..."

मी लिहून घेतलं. मामा आयुष्यभर विमा कंपनीत होता. निवृत्त झाल्यावर त्याने एक भिंग घेतलं आणि तो गुप्तहेर झाला. आजवरच्या बहुतेक केसेस त्याच्याच चष्म्याच्या होत्या.

या वेळी हरवला होता बाबांचा कॅमेरा. दुर्बिणीला मागून लावायचा, मुठीत मावणारा, फक्त काळंपांढरं टिपणारा. रंगीत फोटो हवा असेल, तर पुढे लाल, हिरवी, निळी काच आळीपाळीने लावायची आणि ते तीन फोटो संगणकावर एकत्र करायचे. बाबांनी एका तेजोमेघाचा लाल काढला, हिरवा काढला. निळ्याच्या आधी ते गेले. आता तेजोमेघ पश्चिमेला कलला होता. पुढच्या वर्षी तो परत येईल, पण दुर्बीण नसेल. आईने ती एका शाळेला देऊ केली होती.

"कॅमेरा आणखी काय करतो?" मामाने विचारलं.

"हवं तर एका ताऱ्यावर नजर ठेवतो. तारा सरकेल तशी दुर्बीण सरकवतो."

"म्हणजे पाळत! माझ्याच धंद्यातला निघाला." मामाने डोळे बारीक केले. "तो चोरीला गेलेला नाही. कुणाच्या तरी मागावर गेलाय."

आई भाजी निवडत होती. "दादा, त्याला पाय नाहीत."

"तेच तर फसवं आहे!"

दुसरा सिद्धान्त असा, की आजच्या काळात काळापांढरा कॅमेरा चोरणारा माणूस म्हातारा असणार. मामा खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झडती घ्यायला गेला आणि चहा पिऊन, त्यांचा रेडिओ दुरुस्तीला घेऊन परतला.

"ते निर्दोष आहेत. रेडिओ मात्र संशयास्पद वाटतो."

तिसरी संशयित मी.

"अरे, मीच तुला बोलावलं ना?"

"गुन्हेगार नेमके तेच करतात."

मग झडती झाली. माळा, पलंगाखाली, पिठाचा डबा. राहिलं फक्त बाबांचं कपाट. त्याला कुलूप नव्हतं. पण त्याच्यापाशी आला की मामा भिंग पुसायला लागे, आणि मला दुसरीकडे काम आठवे.

"अहो, तुमचा तपास होईपर्यंत माझे पाय गोठतील," म्हणत मामी मोजे शोधायला सरळ त्या कपाटाकडे गेली. थोड्या वेळाने तिथूनच ओरडली, "वन्सं! भाऊजींच्या या लोकरी मोज्यात पाय जाईना! आत काय कोंबलंय?"

आईचे हात भाजीवर थांबले.

कॅमेरा होता. धक्का लागू नये म्हणून बाबांनी घातलेला.

"मला शंका होतीच," मामा म्हणाला, पण हळू आवाजात.

संध्याकाळी गच्चीवर आम्ही निळी काच लावली. पडद्यावर तेजोमेघ उमटला, करडा.

"निळा लांबवला कुणीतरी!" मामा ओरडला.

"मामा, तो असाच येतो. थांब जरा."

मी तिन्ही फोटो एकत्र केले. तांबूस ढगाच्या कडेला, जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे निळं उतरलं. आई बराच वेळ बघत राहिली. मग तिने मामीच्या पायांकडे पाहिलं. एका पायात बाबांचा मोजा, दुसरा उघडा.

दुसरा, कॅमेऱ्याचा मोजा माझ्या हातात होता. आईने तो घेतला आणि मामीपुढे धरला.

"हाही घाल. कॅमेऱ्याला मी पिशवी शिवते."