पिवळ्या अळंबीचं निमित्त

गुपित राखावं तर मीच! माझा नवरा तोरे, तो एक सोडला, तर माझ्या ऑपरेशनची कुणाला कानोकान खबर लागणार नव्हती.

झालं होतं असं, की खोकलं, शिंकलं, हसलं की मला लघवी गळायची. चर्चच्या गायनमंडळात मी वरचा सूर लावते. सूर वर जायचा आणि माझं सगळं लक्ष खाली! लाजेनं जीव अर्धा व्हायचा. यंदा ख्रिसमसला मला एकटीनं गायचं होतं, म्हणून शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मूत्रनळीखाली जाळीची बारीक पट्टी बसवू. त्याच दिवशी घरी!"

मंडळात मी थाप ठोकली, "गुरुवारी तालमीला नाही. अळंबी काढायला जातेय!" आमच्या स्वीडनमध्ये पिवळ्या अळंबीची जागा कुणी सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. म्हणजे कुठे जातेस, हे कुणी विचारायचा प्रश्नच नाही. केवढी हुशार मी! खरं वाटावं म्हणून रबरी बूट चढवून, टोपली घेऊन गाडीत बसले.

हॉस्पिटलात ऑपरेशनच्या टेबलावर तेवढाच भाग बधिर केलेला, बाकी मी टक्क जागी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोका!"

मी हळूच, सभ्यपणे खोकले.

"अहो, मनापासून! गळतंय का ते बघूनच पट्टी बेतायचीय."

परक्या माणसांसमोर, पाय वर टांगून, मनापासून खोकायचं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खोकले.

दुपारी तोरेचा हात धरून हळूहळू बाहेर आले, तर हॉस्पिटलमागच्या रानातून आमची शेजारीण माय-ब्रित येतेय! मागे मंडळातल्या आणखी दोघी. तिघींच्या टोपल्या पिवळ्या अळंबीनं शिगोशीग!

"सापडलीस!" माय-ब्रित कडाडली. "सकाळी तुझ्या गाडीमागेच आलो आम्ही. इतकी वर्षं ही जागा दाबून बसलीस होय गं?"

"अगं, कसली जागा? मला तर..."

"एवढा अप्पलपोटेपणा!" दुसरी म्हणाली. "आता हिच्या शेजारी उभं राहून गाणार कोण?"

मंडळच सुटलं, तर एवढं खोकले कशासाठी? डोळे गच्च मिटले आणि ओरडले, "मी ऑपरेशनला आले होते! खोकलं की मला गळतं!"

गाड्या लावणारी माणसं वळून बघायला लागली. तोरे चाकात हवा आहे का ते बघू लागला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला!

माय-ब्रितनं टोपली खाली ठेवली. "गुनेल, सबबी पुरे! गळतं तर आम्हा तिघींनाही. म्हणून काय मैत्रिणींपासून अळंबी लपवायची?"