खारपाणपट्ट्यातला दीपस्तंभ

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता विधिमंडळाची सागरी सुरक्षा समिती मलकापूर स्टेशनवर उतरली आणि समुद्र कुठे आहे, असे तिने विचारले. सागरी बचाव दलाच्या बुलढाणा शाखेचे प्रमुख हिंमतराव यांनी जमिनीकडे बोट दाखवले.

उत्तर चुकीचे नव्हते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारटच लागते. मुंबईतल्या कोणा हुशार माणसाने 'खारपाणपट्टा' म्हणजे किनारपट्टी असा अर्थ लावला आणि जिल्ह्याला किनारा मिळाला. चूक लक्षात आली तोवर पदे भरून झाली होती. पदे भरलेली चूक आपल्याकडे दुरुस्त करत नाहीत. तिला धोरण म्हणतात.

हिंमतरावांची मात्र तक्रार नव्हती. पूर्णेला पूर आला की टाकळवाडीला वेढा पडे, आणि टाकळवाडीत त्यांची थोरली बहीण चांगुणाबाई राहत होती. शाखेकडे एक होडी होती. तिचे इंजिन मागच्या पुरात गाळ जाऊन कायमचे बसले होते. समितीपुढे त्यांना एकच वाक्य बोलायचे होते: पावसाळ्याआधी इंजिन द्या.

"हे वाक्य बोलायचं नाही," समितीसोबत मुंबईहून आलेल्या, दलाच्याच उपसंचालकांनी त्यांना प्रतीक्षालयातच बाजूला घेतले. "इंजिन मागितलं म्हणजे इंजिन नाही, असा अर्थ निघतो."

"नाहीच ना साहेब."

"मग इतकी वर्षं काय करत होता, असं सभागृहात विचारतील. आमदारांपुढे उणीव मांडायची नसते, हिंमतराव. आकांक्षा मांडायची."

"पण पुरात वल्हं चालत नाही. होडी धारेला लागते, वाहून जाते."

"तेही अहवालात घेतलंय. 'नौका प्रवाहाशी सुसंगत मार्गक्रमण करते.'"

दुपारी विश्रामगृहात सादरीकरण झाले. शाखेची नौका 'इंधननिरपेक्ष' असल्याचे कळताच समितीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी अर्धी कचोरी बशीत ठेवून विचारले, "मग तुम्हाला कमी काय आहे?"

हिंमतरावांनी तोंड उघडले. टेबलाखाली उपसंचालकांनी त्यांच्या पायावर बूट ठेवला.

"दीपस्तंभ," उपसंचालक म्हणाले.

अध्यक्ष गहिवरले. जिल्ह्यात आजवर एकही जहाज का आले नाही, याचा उलगडा त्यांना आत्ता झाला होता.

पावसाळ्याआधी पूर्णेकाठी, टाकळवाडीसमोर दीपस्तंभ उभा राहिला. ज्याची गरज नसते ते वेळेत होते.

ऑगस्टमध्ये पूर्णा चढली. दिवेलागणीला दीपस्तंभाखाली उभ्या हिंमतरावांचा फोन वाजला. पलीकडे चांगुणाबाई होत्या.

"हिंमत, छपरावर बसून राह्यलो आम्ही. शेजारची गोजरबाई बी हाये संगं. पाणी ओटा चढून घरात आलं."

"दिसून राह्यली तू मले, बाई." दीपस्तंभाच्या झोतात खरेच दोघी स्पष्ट दिसत होत्या.

"मले बी तू दिसतं. उजेड लय झकास हाये. होडी काऊन नाही येऊन राह्यली?"

"इंजिन नाही."

"मंग आमदारायले काऊन नाही सांगतलं रे?"

"साहेबानं पायावर पाय ठेवला होता."

"अन् तोंडावर काय ठेवलं होतं?"

हिंमतरावांनी फोन ठेवला आणि धरणावर मासेमारी करणाऱ्या ज्ञानेश्वरला लावला. त्याने एक शब्द न विचारता आपल्या होडीचे इंजिन काढले, टेम्पोत टाकले आणि निघाला. नदीकडच्या फाट्यावर टेम्पो थांबला.

"काय झालं बे?" हिंमतराव फोनवर ओरडले.

"गाड्याच गाड्या, भाऊ! लेकराबाळायले घेऊन आले लोकं. दीपस्तंभाच्या उजेडात पूर लय मस्त दिसते म्हने."

"बाजूले हो म्हन ना त्यायले!"

"म्हनलं. ते म्हनतात, आमच्या पुढचे हटले की हटतो."

उपसंचालकांनी मुंबईहून समितीला कळवले आहे की, दीपस्तंभाची उपयुक्तता सिद्ध झाली असून पूरग्रस्त पूर्णपणे दृश्यमान आहेत. छपरावरच्या दोन बायांचा व्हिडिओ जिल्हाभर फिरतो आहे. त्याखाली शेकडो लोकांनी हात जोडले आहेत. तो तुमच्याकडेही आला असेल, आणि तुम्ही हळहळून पुढे पाठवला असेल. ज्यांनी तो काढला, त्यांच्या गाड्या टेम्पोच्या पुढे आहेत.

हे लिहीपर्यंत टेम्पो फाट्यावरच आहे. पाणी वळचणीला लागले आहे. चित्र अतिशय स्वच्छ येत आहे.