आठ जणींचं मीठ

शनिवारी सकाळी आठ वाजता स्तामेंका जिना चढून वर गेली, ती सुनेला मिरच्या सोलायला खाली बोलवायला. आदल्या दिवशी तिनं साठ किलो जाड, बिनतिखट लाल मिरच्या अंगणातल्या चुलीवर एकटीनं भाजल्या होत्या. त्या सोलून, वाटून, तेलात परतून हिवाळ्यासाठी आयवर, म्हणजे मिरच्यांचा दाट ठेचा, करायचा. सर्बियातल्या लेस्कोवात्समध्ये ज्या घरात आयवर विकतचा येतो, त्या घरात मुलगी देताना लोक दोनदा विचार करतात.

सून तेओडोरा न विंचरताच कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावर एक घोडा अडखळत चालला होता.

"घोडा लंगडतोय," स्तामेंका म्हणाली. "नाल बघ त्याचा."

"नाल ठीक आहे, आई. प्रोसेसर बघतेय."

तेओडोरा नीश शहरातल्या एका कंपनीसाठी व्हिडिओ गेम बनवायची. बनवणारे बारा जण. गेममधले घोडे, पाऊस आणि गर्दी वेळेवर हलवणं हे तिचं काम. लग्नाला चार वर्षं झाली तरी स्तामेंकाचं मत पक्कं होतं, की ज्यात घाम येत नाही ते काम नव्हे, बसणं.

पडद्याच्या कोपऱ्यात आठ उभ्या पट्ट्या होत्या. एक वरपर्यंत लालभडक, बाकीच्या सात तळाशी लोळलेल्या.

"ह्या कोण?"

"प्रोसेसरमध्ये आठ कोअर असतात. आठ कामाच्या बायका समजा. घोडा, पाऊस, बाण, कोंबड्या, सगळं ही एकटी बघते. बाकीच्या सात जणी हात बांधून बसल्यात."

"का? त्यांना काय धाड भरलीय?"

"त्यांना काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही. सेकंदाला चित्रांची साठ ताटं वाढून बाहेर जायला हवीत, आई. प्रत्येक ताटात घोडा, पाऊस, बाण सगळं हवं. एकटीनं वाढली की चाळीसच जातात, मग घोडा अडखळतो."

स्तामेंकाला त्या लाल पट्टीची कणव आली. "ही खरी घरंदाज. त्या सात तुझ्या माहेरच्या दिसतात."

"ही तुम्ही आहात, आई," तेओडोरा मान न वळवता म्हणाली. "एकतीस वर्षं कुणाला पातेल्याजवळ येऊ दिलंत का?"

खरं तर भांडण इथेच सुरू व्हायचं. पण त्याआधी दुसरीच अडचण निघाली. गेमला पैसा पुरवणारी परदेशातली माणसं संध्याकाळी पाच वाजता घोडा बघणार होती. घोडा अडखळला तर बारा जणांचं दोन वर्षांचं काम पाण्यात. आणि त्या जुन्या घरात मिरच्या वाटायचं मशीन आणि तेओडोराचा कॉम्प्युटर एकदम चालले की फ्यूज उडायचा. सकाळी कॉम्प्युटर बॅटरीवर ढकलता यायचा. पाचला तो पूर्ण ताकदीनं चालायला हवा होता.

"पाचला मशीन बंद हवं," तेओडोरा म्हणाली.

"माझं रात्री दहापर्यंत चालतं. भाजलेल्या मिरच्या उद्यापर्यंत आंबतील."

"मग वाटून द्या काम."

स्तामेंकानं पट्ट्यांकडे पाहिलं. "तुझ्या डब्यातल्या बायकांना जमत असेल तर माझ्या गल्लीतल्यांना न जमायला काय झालं?" असं म्हणून ती खाली उतरली. जिन्यावरच तिला पश्चात्ताप झाला. पण तोंडातून गेलेला शब्द परत गिळणारी बाई ती नव्हती.

नऊ वाजेपर्यंत सात बायका अंगणात जमल्या. त्यात नणंद रादुंका होती, जी एकतीस वर्षं सांगत आली होती की स्तामेंकाचा आयवर बरा असतो, फक्त चव नसते. शेजारची त्स्वेताही होती. या दोघी आलुबुखाराच्या एका झाडावरून सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

सोलणं झपाट्यानं झालं. एरवी संध्याकाळ व्हायची, तिथे बाराला सालींचा ढीग पडला. मग देठाकडच्या बिया कापून काढायच्या होत्या, तिथे काम थांबलं. रादुंकाच्या मांडीवर लाकडी पाट, त्स्वेताच्या हातात सुरी. रादुंका सुरीची वाट बघत होती, त्स्वेता पाटाची. दोघी समोरासमोर, दोघींचं लक्ष आभाळाकडे. पाव तास गेला.

"अगं तेओडोरा," स्तामेंकानं वर पाहून विचारलं, "तुझ्याकडे असं होतं का? एकीकडे पाट, दुसरीकडे सुरी, आणि मागत कुणीच नाही?"

"होतं," खिडकीतून उत्तर आलं. "तेव्हा सगळा खेळ गोठतो."

"मग काय करतेस?"

"दोघींच्या हातातलं काढून घेते."

स्तामेंकानं दोन्ही वस्तू ओढून तिसरीला दिल्या. काम पुन्हा चालू झालं. एक तृतीयांश मिरची वाटून झाली, मोठ्या पातेल्यात तेलावर पडली आणि रटरटू लागली.

आता लेस्कोवात्सची रीत अशी, की शिजणाऱ्या आयवरजवळून जाणारी बाई त्याला न ढवळता पुढे जात नाही, आणि ढवळल्यावर चव घेतल्याशिवाय राहत नाही. स्तामेंकानं खडेमीठ टाकलं आणि ती तेल आणायला आत गेली. खडेमीठ विरघळायला वेळ लागतो. तेवढ्यात त्स्वेता पातेल्याजवळून गेली. तिनं चव घेतली. अळणी. एवढ्या मानी बाईला सगळ्यांदेखत "मीठ विसरलीस" कसं म्हणायचं? तिनं गुपचूप मूठभर टाकलं. तिच्यामागून दुसरी आली. तिलाही स्तामेंकाची लाज राखावीशी वाटली. त्या गल्लीतल्या बायका तोंडानं कशाही असोत, मनानं वाईट नव्हत्या.

अडीचला तेओडोरा खाली आली, चेहरा उतरलेला. "काम आठ जणींत वाटलं, आई. घोडा आता लोण्यासारखा चालतो. पण त्याला एक सफरचंद द्यायला गेलं तर तो आठ खातो. पोट फुगून तो तबेल्याच्या दारात अडकलाय." तिनं रीतीप्रमाणे पातेलं ढवळलं, पळी तोंडाला लावली आणि घास अंगणातल्या नळाखाली थुंकला. "मीठ कुणी टाकलं?"



"मी जरासंच," त्स्वेता म्हणाली.

"मीही. चिमूटभर."

"तुमची चिमूट म्हणजे माझी ओंजळ," रादुंका म्हणाली. "मी तर ओंजळच टाकली. एकतीस वर्षांचं राहिलं होतं."

स्तामेंकाचं धरून मोजलं तर आठ वेळा. स्तामेंका बाकावर बसली. एक तृतीयांश मिरचीचं लोणचं झालं होतं, आणि उद्या अख्ख्या बाजारात ते चघळलं जाणार होतं.

तेओडोरा मात्र पळी हातात धरून तशीच उभी होती. "प्रत्येकीनं बघितलं, मीठ नाही. प्रत्येकीनं टाकलं," ती पुटपुटली. "प्रत्येकीनं बघितलं, घोडा उपाशी." आणि चपला खालीच टाकून ती वर पळाली.

स्तामेंकानंही बंदोबस्त केला. मिठाची बरणी ॲप्रनच्या खिशात घातली आणि जाहीर केलं, की जिला मीठ टाकावंसं वाटेल तिनं आधी बरणी मागायची, मग चव घ्यायची. अर्ध्या तासात सातही जणी पळ्या घेऊन तिच्यासमोर रांगेत उभ्या होत्या. मिरच्या वाटायला कुणीच नव्हतं.

वरून आवाज आला. "आई, आता एकच सफरचंद खातो. पण परत लंगडतोय. सगळ्या जणी एकाच दाराशी रांग लावतात."

"माझ्याही लावतात," स्तामेंका म्हणाली. मग तिनं रांगेकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि उठली. "तू तिथंच ऐक. कुणी काही टाकायचं नाही. ज्या कुणाला काही कमी वाटेल तिनं लक्षात ठेवायचं. प्रत्येकीनं आपापलं पातेलं आपापल्या घरी आपल्या चुलीवर शिजवायचं. शेवटी सगळं इथं आणायचं, मी विचारीन, आणि मीठ टाकायचं ते मी. एकदा."

वर बटणांची खडखड सुरू झाली.

खारट आयवर आठ पातेल्यांत सारखा वाटला; तेच मीठ सगळ्या मिरचीला पुरणार होतं. उरलेली मिरची वाटून त्यावर घातली. पावणेपाचला स्तामेंकानं मशीनची वायर भिंतीतून स्वतः उपटली आणि सात बायका सात पातेली घेऊन सात फाटकांतून बाहेर पडल्या. आठवं तिच्या चुलीवर चढलं.

पाचला ती तेओडोराच्या दारात उभी होती. पडद्यावर एक सुकलेला माणूस परक्या भाषेत बोलत होता. तेओडोरानं घोड्याला पावसातून, शंभर माणसांच्या गर्दीतून नेलं. सफरचंद दिलं. घोड्यानं एक खाल्लं. स्तामेंकाला भाषा कळत नव्हती, पण कोपऱ्यातल्या पट्ट्या कळत होत्या: आठही सारख्या उंचीच्या. त्या माणसानं मान डोलावली, काहीतरी लिहून घेतलं आणि दोनदा हसला.

"झालं?"

"झालं, आई. आणखी दोन वर्षांचं काम मिळालं."

सातला पातेली परत आली, मोठ्या भांड्यात एक झाली. स्तामेंकानं प्रत्येकीला विचारलं, चव घेतली, आणि काहीच टाकलं नाही. काही कमी नव्हतं. असा आयवर त्या अंगणात आजवर झाला नव्हता, आणि हे तिला इतरांच्या आधी कळलं, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

रविवारी चर्चमधून परतली ती तडक वर गेली आणि सुनेच्या पलंगावर बसली.

"रादुंका सांगत फिरतेय, चव तिच्या पातेल्याची. त्स्वेता बेकरीत सांगत होती, तिच्या चुलीची. कोपऱ्यावरची ती बुटकी म्हणते, साली तिनं सोलल्या म्हणून. सात बरण्यांवर सात नावं. माझं नाव फक्त भांड्यावर." तिनं हनुवटीनं कॉम्प्युटरकडे खूण केली. "तुझ्या ह्या आठ जणी नंतर म्हणतात का गं, घोडा मी चालवला?"

"नाही, आई. त्या बोलतच नाहीत."

"तरीच," स्तामेंका म्हणाली, "तुझं काम वेळेत होतं."