चार्टमधली मोकळी जागा

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी निर्विघ्न पार पडली, रिपोर्ट अगदी स्वच्छ आला, आणि घरातली खरी धास्ती तिथून सुरू झाली. फायलीच्या पहिल्याच पानावर ‘सर्व काही ठीक’ असं लिहिलं होतं. बायकोने तेवढं वाचलं, सुटकेचा श्वास टाकला आणि ती भाजी चिरायला बसली. नवऱ्याने मात्र फाइल उलटी धरून शेवटचं पान काढलं.

त्याला इलाज नव्हता. तो एका शीतगृहात सुपरवायझर होता. गोठवलेला माल उणे अठरा अंशांवरच राहिला पाहिजे, हे तो उठताबसता सांगायचा, म्हणून कामगार त्याला पाठीमागे उणेअठरा म्हणत. खोल्यांच्या तापमानाचे आलेख तपासण्यात त्याची हयात गेली होती. पहिल्या पानावर सगळेच चांगलं लिहितात, खरं काय ते आलेखात कळतं, असं त्याचं ठाम मत होतं. आणि शेवटच्या पानावर आलेखच होता. तपासणीच्या वेळी दिलेल्या भुलीची नोंद.

नाडीची रेघ सरळ होती, रक्तदाबही बरा होता. ऑक्सिजनची रेघ मात्र अठ्ठ्याण्णववरून घसरत शहाऐंशीवर आली होती. तिथे बारीक अक्षरांत ‘हनुवटी उचलली’ अशी नोंद होती. त्यापुढे रेघच नव्हती. बोटभर मोकळी जागा, आणि पलीकडे रेघ पुन्हा नव्व्याण्णववर, जणू काही झालंच नाही.

चार्टमध्ये मोकळी जागा दिसली की उणेअठराच्या धंद्यात एकच अर्थ निघतो: मशीन बंद पडलं होतं. म्हणजे मधल्या काळात माल वितळला आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी परत गोठला. असा माल वरून तसाच दिसतो, पण आतून गेलेला असतो. त्याने कागद खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. वरच्या कोपऱ्यात त्याच्या नावापुढे ‘वर्ग दोन’ असंही लिहिलेलं होतं. शीतगृहातला दुसऱ्या वर्गाचा माल कोंबड्यांचं खाद्य करणारे घेऊन जात.

बायकोला सांगायची हिंमत होईना, म्हणून त्याने मेहुण्याला फोन लावला. मेहुण्याचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं आणि कुठल्याही विषयावर त्याला मत विचारावं लागत नसे. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

“दाजी, घाबरू नका,” तो म्हणाला. “पंपाचं पण असंच असतं. बंद पडतो, थोबाडीत मारली की चालू होतो.”

“मग पुढे चालतो ना नीट?”

“चालतो हो. पण पहिल्यासारखा नाही.”

त्या रात्री उणेअठराला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने स्वतःची तपासणी आरंभली. समोरच्या घरातल्या गृहस्थांचं नाव आठवेना. ते त्याला आधीही कधी आठवत नसे, पण आता त्याने ते मनात टिपून ठेवलं. चष्मा शोधताना तो डोळ्यांवरच सापडला. चहात साखर घातली की नाही हे ध्यानात राहिलं नाही, तेव्हा त्याने बायकोकडे पाहिलं. ती नेहमीसारखी नळाला नावं ठेवत भांडी विसळत होती. ही बिचारी एका वितळून गोठलेल्या माणसाबरोबर संसार करतेय आणि हिला पत्ताच नाही, या विचाराने त्याला भडभडून आलं.

तरी तो कामावर गेला, आणि तिथे प्रकरण चिघळलं. शीतगृहाचा नियम असा, की संशयित माल लाल पट्टी बांधून बाजूला काढायचा आणि फेरतपासणी होईपर्यंत बाहेर सोडायचा नाही. नियम हा त्यानेच घोटून घोटून सगळ्यांच्या गळी उतरवला होता. स्वतःपुरता तो मोडणं त्याच्या तत्त्वात बसेना. त्याने आपल्या खुर्चीला लाल पट्टी बांधली, शेजारच्या स्टुलावर बसला आणि एकाही ट्रकच्या कागदावर सही केली नाही. संशयित माणसाची सहीही संशयितच, असं त्याने लोडिंगच्या मुकादमाला शांतपणे समजावून सांगितलं. मुकादमाला वाटलं, साहेब कशावर तरी रुसलेत.

दुपारपर्यंत ट्रकांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकले आणि खाली उतरून भांडू लागले. मॅनेजर धावत आले, त्यांनी आधी दरडावलं, मग हात जोडले, आणि शेवटी उणेअठराच्या घरी फोन केला.

“वहिनी, साहेब म्हणतायत ते मधे बंद पडले होते,” ते म्हणाले. “तुम्हाला काही कल्पना?”

तासाभरात ती फाइल बगलेत मारून फाटकाशी हजर झाली. नवऱ्याला स्टुलावरून उठवून तिने थेट दवाखाना गाठला.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण भलत्याच शांत होत्या. उणेअठराने कागद पुढे केला, मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, “इथे मी होतो का?”

“होतात की,” बाई म्हणाल्या. “चांगलेच होतात.” मग त्यांनी एकेक ओळ समजावून सांगितली. वर्ग दोन म्हणजे रक्तदाबाची गोळी चालू असलेला, एरवी धडधाकट माणूस. औषधाने झोप लागली तशी जीभ मागे पडली, श्वासाची वाट अडली आणि ऑक्सिजन घसरला. त्यांनी हनुवटी उचलली, वाट लगेच मोकळी झाली.

“आणि पुढे रेघ का नाही?”

“कारण तुम्ही झोपेतच माझा हात झटकलात, त्यात बोटावरचा ऑक्सिजन मोजणारा चिमटा उडाला. ‘चार्टला हात लावायचा नाही’ असं दरडावलंत पण. चिमटा परत लावेपर्यंत मशीन रेघ कशाची काढणार?”

उणेअठराच्या डोळ्यांत पाणी आलं. मशीन चालूच होतं, फक्त मोजणारा काटा निघाला होता. असं शीतगृहातही होतं, आणि तेव्हा एक खोकं उघडून बघतात, माल उत्तम असतो. हे आपल्याला आधी का सुचलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं. आपण शाबूत आहोत, अगदी गाभ्यापर्यंत शाबूत आहोत, या आनंदात तो उठून उभा राहिला.

बाई मात्र त्याच्या बायकोकडे पाहत होत्या. “घरी घोरतात का हे?”

“भिंती हलतात.”

“आणि घोरता घोरता मधेच एकदम गप्प होतात?”

“होतात ना,” ती म्हणाली. “तेवढाच माझा डोळा लागतो.”

“त्या वेळी यांचा श्वास थांबत असण्याची शक्यता आहे,” बाई हळूच म्हणाल्या. घाईची गोष्ट नाही, पण झोपेची एक तपासणी करून घ्या, त्यावर चांगले उपाय आहेत, असं सांगून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. बायकोने ती दोन्ही हातांनी घेतली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता. इतकी वर्षं जी शांतता तिने देवाचे आभार मानून घेतली होती, ती काय होती हे तिला आत्ता कळत होतं.

परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या उणेअठराची मान कलंडली. मनावरचं ओझं उतरलेलं, त्यात आदल्या रात्रीचं जागरण. पाहता पाहता तो असा घोरू लागला की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. एरवी ती शरमेने खिडकीबाहेर बघत बसली असती. आज ती त्याच्या छातीवर नजर लावून ताठ बसली होती. बस एका वळणावर आली आणि घोरणं एकाएकी थांबलं. सगळी बस सुखावली. तिने घाबरून त्याचा दंड धरला आणि गदागदा हलवला.

“अहो,” ती कळवळून म्हणाली, “घोरा ना.”