शंभर टक्के सिग्नल

अहमदपुरात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या उमाशंकर यांच्या कन्येस, कु. अक्षरा, इयत्ता नववी, हिला अडतीस टक्के पडल्याचं मे महिन्यातल्या एका दुपारी उघडकीस आलं. शाळेला सुट्टी होती आणि परीक्षा कसलीच नव्हती. टक्के कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसत होते.

“हे काय करायलीस?” उमाशंकरांनी विचारलं.

“गेम हाय पप्पा, अंतराळातला. अंधारात लपलेल्या जागा हुडकायच्या.” अक्षरानं उत्साहानं समजावलं. आठ शोधयानं सोडायची. ती अशी मांडायची की प्रत्येकाचा घेरा शेजारच्यावर थोडा चढेल. मग घेरा निम्मा करायचा, पुन्हा निम्मा. सिग्नल वाढत जातो आणि शंभर टक्के झाला की जागा सापडली.

“म्हणजे सध्या अडतीसच?”

“सिग्नल हाय तो. वाढतोय की.”

“क्लास न लावता?”

उमाशंकरांचं जेवणावरून मन उडालं. ज्याला टक्के असतात त्याला क्लास असतो, एवढं लातूर जिल्ह्यातल्या बापाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी लातूरला गुरुपादप्पा सरांना फोन लावला. सर मेडिकलच्या मुलांना बायॉलॉजी शिकवत. गेम आपण कधी पाहिलेला नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. “त्यानं काय होतंय? मी किडनी तरी कुठं बघितलो होतो? पोरं डॉक्टर झालीच की.”

पंधरा दिवसांत लातुरात अक्षरासकट बॅच भरली. कॉम्प्युटरमुळे मुलांचं लक्ष विचलित होतं, म्हणून वर्गात कॉम्प्युटर ठेवला नाही. शोधयानं वहीत, कंपासनं सोडली जात. आठ वर्तुळं, मग निम्म्या त्रिज्येची आठ, मग त्याच्याही निम्म्या त्रिज्येची, दिवसाला दोनशे वेळा. शिवाय ‘अंतराळातल्या हमखास येणाऱ्या पन्नास जागा’ ही पुस्तिका तोंडपाठ करायची. मुलांवर काही शोधायची वेळ येऊ नये, अशी सरांची तळमळ होती. जुलैत देगलूरची मुलं येऊन हॉस्टेलात राहिली आणि मग रिपीटर बॅच निघाली. ज्यांनी परीक्षा एकदाही दिली नव्हती तेही तिच्यात बसले, कारण रिपीटरांचा अभ्यास जास्त होतो असं पालकांचं मत होतं.

दसऱ्याआधी प्रात्यक्षिक परीक्षा झाली. तेवढ्यापुरता एक कॉम्प्युटर आणला. अक्षराला प्रश्न आला: पुस्तिकेतली जागा क्रमांक सतरा शोधा. चार महिन्यांनी तिनं खरीखुरी शोधयानं सोडली, आणि कडेला, पुस्तिकेत नसलेल्या ठिकाणी, चार टक्क्यांचा एक सिग्नल लुकलुकला. तिला राहवलं नाही. तिनं घेरा आवळला. एकतीस. अठ्ठ्याऐंशी. शंभर!

समोर एक नवाकोरा सूर्य होता. मामाच्या देवणी गाईसारखा, पांढऱ्यावर काळे ठिपके. पडद्यावर अक्षरं आली: ‘इथे पोहोचणारे तुम्ही पहिलेच. दहा मिनिटांत नाव द्या. ते कायम राहील.’

“सर, मी ठिपकी नाव देऊ?” अक्षरा आनंदानं खुर्चीतून उठलीच.

“ही जागा पुस्तिकेत हाय का?”

“न्हाई सर. नवीन हाय. कुणालाच सापडली नव्हती.”

“मग ती चूक हाय. माऊस सोड.” पण एवढा मोठा निर्णय एकट्यानं नको, म्हणून सरांनी उमाशंकरांना फोन लावला.

“ह्याला मार्क किती?” उमाशंकरांनी विचारलं.

“मार्क न्हाईत. नुसतं नाव राहतंय, कायमचं. जगभर दिसतंय म्हणे.”

उमाशंकर व्यापारी माणूस. “जगभर? मग सर, पोरीचं कशाला, क्लासचं टाका की. तेवढीच जाहिरात. आन् पुढच्या वर्षाच्या फीचं जरा बघा.”

शेवटच्या मिनिटाला सरांनी स्वतः टाइप केलं. नावाला अक्षरांची मर्यादा असते, हे पुस्तिकेत नव्हतं. त्या सूर्याचं नाव आज ‘गुरुपादप्पा क्लासेस प्रवेश सु’ असं आहे आणि कायम राहील. अक्षराला शून्य मिळालं, कारण तिनं सतरा नंबर सोडवलाच नव्हता.

अक्षरा खूप रडली. यात विनोद काही नाही. गेम तिनं परत उघडला नाही.

परवा ती दुकानात बसून रिकाम्या पातेल्यांवर चमचा वाजवत होती. कुठल्या पातेल्यातून कुठला सूर निघतो ते हुडकत, स्वतःशीच हसत. उमाशंकर दारातून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी काळजीनं खिशातून फोन काढला.

आता तुम्ही हसताय. हसा. गेल्या आठवड्यात तुमचं पोरगं अंगणात तासभर मुंग्यांची रांग बघत बसलं होतं, तेव्हा लातूरला फोन कुणी केला होता? सरांचा निरोप आहे: मुंग्यांची बॅच सोमवारपासून आहे, मुलानं अंगणात मात्र आता बसू नये.