पावातला खडा

बेकरीवाल्याला माफी मागायची खोड होती. कुणी नुसतं म्हणालं, केक जरा गोड झालाय, की हा वर्षभरातल्या सगळ्या केकची माफी मागून मोकळा. एकदा दुकानासमोर एक बाई घसरली. रस्ता नगरपालिकेचा, चप्पल बाईची, केळ्याचं साल तिसऱ्याच कुणाचं. पण हा पिठाच्या हातांनी धावत गेला, "चुकलं हो माझं," म्हणाला आणि वर बिस्किटांचा एक पुडा तिच्या पिशवीत कोंबला. बाईला आधी तसं काही वाटलं नव्हतं, पण आता वाटायला लागलं की यानंच ढकललं असणार.

बायको म्हणायची, "अहो, तुम्ही एक दिवस दुसऱ्याच्या खुनाची माफी मागून फासावर जाल."

फासापर्यंत नाही, पण नोटिशीपर्यंत गेलं. पाव खाऊन पोट बिघडलं म्हणून एक माणूस आला. यानं माफी मागितली. तो म्हणाला, लिहून द्या. यानं लिहून दिलं, तेही वळणदार अक्षरात. पंधरा दिवसांनी तोच कागद नोटिशीला टाचून परत आला. तेव्हा बायकोनं कंबर कसली आणि वकीलबाईंना गाठलं.

या वकीलबाई फक्त खाण्यापिण्याच्या धंद्यांची कामं घ्यायच्या. हॉटेलं, बेकऱ्या, सरबताची दुकानं. कुणी घटस्फोट घेऊन आलं तर विचारायच्या, "भांडण हॉटेलात झालं का? नाही ना? मग शेजारच्या दारात बघा." वय तिशीचं, आवाज हेडमास्तरांचा. त्यांनी दोन दिवसांत शोधून काढलं की त्या माणसानं पाव मुळात पुढच्या चौकातल्या दुकानातून घेतला होता. नोटीस गेली उडत. आणि बेकरीच्या गल्ल्याच्या आतल्या बाजूला वकीलबाईंच्या नियमांचा एक कागद चिकटला.

"काका, नीट ऐका," वकीलबाई म्हणाल्या. "तक्रार आली की माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं. ज्या वस्तूची तक्रार असेल ती पिशवीत घालून जपायची. आणि तोंडातून 'चुकलं' काढायचं नाही. तुम्ही चूक कबूल केली की विमावाले हात वर करतात. एकच वाक्य बोलायचं. 'आपलं म्हणणं आम्ही नोंदवून घेतलं आहे.' बास."

"एवढं कोरडं?"

"बेकरी ओली असून चालत नाही, काका."

रात्रीच्या जेवणाआधी रोज तालीम व्हायची. बायको गिऱ्हाईक बनून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची.

"या पावात केस आहे."

"अरे देवा, चुक..."

"अहो."

"आपलं म्हणणं... पण केस केवढा आहे?"

"लांबीचं काय करायचंय तुम्हाला? नोंदवा."

तीन महिन्यांत त्याची जीभ अशी तयार झाली की झोपेत कुशीवर वळवलं तरी म्हणायचा, नोंदवून घेतलं आहे.

आता दादाची गोष्ट. दादा म्हणजे बेकरीवाल्याचा थोरला भाऊ. घड्याळं दुरुस्त करणारा. वडील गेले तेव्हा दादा सोळाचा होता आणि हा पाचाचा. दादानं त्याला वाढवला, शिकवला, लग्न लावून दिलं आणि नाव ठेवलं बारक्या. बारक्या आता अठ्ठावन्नचा झाला, वजन नव्वद किलो झालं, तरी बारक्याच. बेकरी नवी होती तेव्हा दोन वर्षं तिकडे कुत्रं फिरकत नव्हतं. दादा म्हणाला, "रिकाम्या दुकानात माणूस शिरत नाही. कुणीतरी बसलेलं दिसायला हवं." आणि रोज सकाळी आठला येऊन काचेजवळच्या टेबलाशी बसायला लागला. एक गोल पाव, एक चहा. पुढं दुकान भरायला लागलं, पण दादा काही उठला नाही. एकोणीस वर्षं.

त्या सोमवारी दुकान गच्च होतं. दादानं पाव मोडला, घास घेतला आणि टक् असा आवाज आला. लहानसाच. पण दादा "आई गं" म्हणाला आणि सगळं दुकान वळून बघायला लागलं. घास पडला बशीत, दात पडला तळहातावर. पुढचा दात. दादानं एकदा दाताकडं पाहिलं, एकदा त्या पंचवीस तोंडांकडं पाहिलं आणि तोंडावर रुमाल धरून म्हणाला, "खडा आहे यात."

बेकरीवाला गल्ला सोडून धावला. पोटातून 'दादा, दुखलं का रे' असं काहीतरी वर यायला लागलं होतं. पण तीन महिन्यांची तालीम आडवी आली. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं:

"आपलं म्हणणं आम्ही नोंदवून घेतलं आहे."

दादा बघतच राहिला. अख्ख्या जन्मात त्यानं या तोंडून 'तू' ऐकलं होतं, 'ए' ऐकलं होतं, भांडणात त्याहून वाईटही ऐकलं होतं. 'आपलं' कधी ऐकलं नव्हतं.

"नोंदव," दादा म्हणाला. दात रुमालात गुंडाळला, चहा तसाच ठेवला आणि गेला.

बेकरीवाला नियमाचा पक्का. त्यानं चिमट्यानं तो घास आणि उरलेला पाव पिशवीत घातला, वर तारीख लिहिली, फ्रीजमध्ये लोण्याच्या मागं ठेवला. मग मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यावर बसला आणि बायकोला म्हणाला, "मी काय बोललो गं हे?"

बायकोनं वकीलबाईंना फोन लावला.

"गिऱ्हाईक कोण?" वकीलबाईंनी विचारलं.

"माझे मोठे दीर."

"नात्यातलं गिऱ्हाईक सगळ्यात अवघड. निकाल लागेपर्यंत काकांनी त्यांच्याशी बोलायचं नाही. जे असेल ते कागदावर."

दुसऱ्या दिवशी आठ वाजले, सव्वाआठ झाले, काचेजवळचं टेबल रिकामं. बेकरीवाल्यानं तिथं चहा ठेवला, निवल्यावर उचलला, परत गरम ठेवला. तिथं बसायला आलेल्या एका जोडप्याला त्यानं "ती जागा ओली आहे" असं सांगून हाकललं. दुपारी बायकोचा डोळा लागल्यावर हा मागच्या दारानं सटकला आणि दादाच्या घरी जाऊन बेल वाजवली. वहिनीनं दार उघडलं. आत दादाची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वहिनी आत गेली, बाहेर आली.

"भाऊजी, ते म्हणतायत, आपलं म्हणणं त्यांनी नोंदवून घेतलं आहे."

"पण मी अजून काही म्हणालोच नाही."

"तेही नोंदवलंय म्हणे."

इकडं दुकानात खडा वाढायला लागला. सोमवारी तो खडा होता, बुधवारी खिळा झाला, शुक्रवारी कुणीतरी शपथेवर सांगितलं की पावात स्क्रू निघाला आणि म्हाताऱ्याचे चार दात गेले. लोक पाव घ्यायचे आणि खाण्याआधी चुरा करून बघायचे. सगळीकडं मान खाली, बोटं चालू, आवाज नाही. दुकान नव्हे, परीक्षेचा हॉल.

वकीलबाईंनी दोन कामं केली. पिशवीतला पाव तपासणीला लॅबमध्ये पाठवला आणि दादाला पत्र धाडलं. पत्राची सुरुवात 'संबंधित ग्राहकास' अशी होती आणि त्यात दात तपासणीसाठी हजर करावा अशी विनंती होती. बेकरीवाल्यानं पत्र आधी वाचलं असतं तर पोस्टाची पेटी फोडली असती. पण ते गेलं. उत्तर वहिनीच घेऊन आली. घड्याळ दुरुस्तीच्या पावतीच्या मागं दादाचं बारीक अक्षर.

'दात मिळणार नाही. उरलेले दातही तुमच्या दुकानात येणार नाहीत.'

"तुमच्या," बेकरीवाला म्हणाला. "तुमच्या लिहिलंय, वहिनी."

"मला सहा पाव द्या," वहिनी म्हणाली. "माझं कुणाशी भांडण नाही आणि मला भूक लागते."

शनिवारी दुपारी वकीलबाई हातात लिफाफा घेऊन आल्या. पहिल्यांदाच हसत. लॅबवाल्यांनी पावाचा एक्स-रे काढला होता, घास पाण्यात विरघळवला होता, चाळला होता. खडा नाही. धातू नाही. काच नाही. काहीच नाही.

"तुमचा पाव निर्दोष आहे, काका. उद्या सकाळी सगळ्यांसमोर वाचून दाखवू आणि काचेवर लावू. केस संपली. आपण जिंकलो."

बेकरीवाल्याचा चेहरा हरल्यासारखा झाला. "म्हणजे दादा खोटं बोलला?"

"मी तसं म्हणत नाही. कागद म्हणतो."

वहिनी पाव न्यायला आली होती, ती दारातच थांबली होती. पिशवी खाली ठेवून ती पोत्यावर टेकली.

"तो दात चार महिने हलत होता, भाऊजी. डॉक्टर म्हणाले काढा. हे म्हणाले, पुढचा दात गेला की माणूस म्हातारा. मलासुद्धा सांगायची बंदी. घरी पाव चहात बुडवून मऊ करून खायचे. दुकानात मात्र सगळ्यांसमोर कोरडा चावायचे. त्या दिवशी दात पडला, सगळे बघायला लागले आणि तोंडातून गेलं, खडा. संध्याकाळी तुम्हाला बाजूला घेऊन सांगणार होते. तुम्ही दोघं हसला असता. पण तुम्ही ते 'आपलं' काढलंत. आता माणूस झाडावर चढून बसलाय आणि उतरायला फांदी नाही."

वकीलबाईंनी लिफाफा या हातातून त्या हातात घेतला.

"हे वाचलं तर दुकान वाचतं," त्या हळूच म्हणाल्या. "नाही वाचलं तर स्क्रूचं काय?"

बेकरीवाला नुसता हातावरचं पीठ चोळत राहिला. एका बाजूला एकोणीस वर्षांचं दुकान, दुसऱ्या बाजूला पंचवीस माणसांसमोर खोटा पडलेला दादा. त्याला काही ठरवता आलं नाही. ठरवणं हे खातं आधी दादाकडं होतं आणि नंतर बायकोकडं.

रविवारी सकाळी आठला दुकान उभं राहायला जागा नाही इतकं भरलं. वकीलबाईंनी बोलावलं म्हणून दादा आला. इस्त्रीचा शर्ट, ओठ घट्ट मिटलेले, मागं वहिनी. काचेजवळच्या टेबलाकडं त्यानं पाहिलं नाही. भिंतीजवळ उभा राहिला, शाळेत आणलेल्या पोरासारखा. वकीलबाई खुर्चीवर चढल्या, लिफाफा उघडला, घसा साफ केला.

"प्रयोगशाळेच्या अहवालानुसार..."

"थांबा," बेकरीवाला म्हणाला. "खडा होता."

वकीलबाई खुर्चीवर अडखळल्या. बायकोनं कपाळाला हात लावला.

"मी स्वतः पाहिला," बेकरीवाला पुढं म्हणाला. "पीठ नीट चाळलं गेलं नव्हतं. चूक माझी. दादाचा चांगला मजबूत दात माझ्यामुळं गेला."

"काका," वकीलबाई खाली वाकून कुजबुजल्या, "जिंकलेली केस आहे. शुद्धीवर आहात का?"

"तुम्ही जिंका, बाई. मला त्या टेबलाशी माणूस पाहिजे."

दादा बारक्याकडं बघत होता. त्या घासात काय होतं आणि काय नव्हतं, हे जगात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि बारक्यालाही ते कळलंय, हे त्याला आता कळलं. वहिनी जमिनीकडं बघत होती, त्यातच सगळं आलं.

दादानं ओठ उघडले. पुढच्या खिंडीतून शब्द जरा वाऱ्यासकट आले.

"केवढा होता?"

"मोठा होता. वाटाण्याएवढा."

"वाटाण्याएवढा कसा असेल? तो गिळतानासुद्धा कळला असता."

"बरं, डाळीएवढा."

"डाळही फार झाली. तू पीठ चाळतोस ते मी एकोणीस वर्षं बघतोय. डाळ त्यातून जाईल का?"

"मग तांदळाएवढा धर."

"अख्खा तांदूळ?"

"तुकडा."

गिऱ्हाइकं एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती. स्क्रूची शपथ घेणारा माणूस हळूच मागच्या रांगेत सरकला. वकीलबाई खुर्चीवरच उभ्या होत्या. आपलं अशील कोण आणि समोरचा कोण, हे त्या आता कागदात शोधत होत्या.

दादानं रुमाल काढून तोंड पुसलं, परत खिशात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नव्हताच बहुतेक. दातच जुना होता."

"होता, दादा."

"नव्हता म्हणतोय ना."

"मी पाहिला. माझं दुकान, माझा पाव, माझा खडा. तू का नाही म्हणतोस?"

"आपल्यात मोठा कोण?" दादानं विचारलं.

बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू."

"मग नव्हता," दादा म्हणाला आणि काचेजवळची खुर्ची ओढून बसला.