तस्कराचं अंथरूण

"बाबा, रोज सकाळी खालचा पेपर बदलायचा, पाण्याची वाटी भरायची, दोन वेळा जखमेला मलम लावायचं, बाकी काही करायचं नाही," असं बजावून चैताली ट्रेनिंगसाठी हैदराबादला निघून गेली, आणि वारज्यातल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये नागोराव रामटेके, त्यांच्या पत्नी विशाखाबाई आणि एक साप असे तिघं उरले.

साप बिनविषारी होता. जातीचं नाव तस्कर. चैतालीच्या हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत, सर्व्हर रूममध्ये, उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्याला तो चिकटला होता. बाकीचे इंजिनियर टेबलांवर चढले. सुट्टीच्या दिवशी साप पकडायला शिकलेल्या चैतालीनं त्याला गोडेतेल लावून सोडवलं, तरी पोटाची वीतभर कातडी पुठ्ठ्यावर राहिलीच. जनावरांच्या डॉक्टरनं मलम दिलं, वनखात्याच्या माणसानं कागदावर सही घेतली, आणि कात्रजच्या सर्पोद्यानात जागा होईपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, साप घरीच ठेवायचं ठरलं. जखम पोटाला आणि जनावर सरपटणारं. तेव्हा अंथरूण हाच निम्मा उपचार होता.

नागोराव पाटबंधारे खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून हजारो फायली गेल्या, पण एकीवरही शेवटचा निर्णय त्यांचा नव्हता. तळाशी 'आदेशार्थ सादर' असं लिहून ते फाईल वर पाठवत. घरी वर पाठवायला विशाखाबाई होत्या. मुलगी तर शाळेत असल्यापासून कुठलीही गोष्ट आईलाच सांगायची. त्यामुळे तिनं सापाची काचेची पेटी त्यांच्या हाती दिली तेव्हा नागोरावांनी ती अंगापासून लांब धरली, तरी ते "हो" म्हणाले.

दुसऱ्याच सकाळी पेपर जखमेला चिकटला. चिमट्यानं तो सोडवताना नागोरावांना सापापेक्षा जास्त वेदना झाल्या. त्यांनी चैतालीच्या मोबाईलवर फोन लावला.

"बाबा, मी क्लासमध्ये आहे. पेपर नको मग. दुसरं काहीतरी कोरडं, मऊ घाला."

"नेमकं काय?"

"तुम्ही ठरवा ना, बाबा!" आणि फोन बंद झाला.

नागोराव थेट चौकातल्या सायबर कॅफेत गेले आणि सापांच्या अंथरुणाविषयी चौदा पानं छापून घेऊन आले. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की ॲस्पेन नावाच्या झाडाचा भुसा सर्वांत उत्तम. तेव्हा ते मच्छिंद्र सुताराच्या कारखान्यात जाऊन उभे राहिले.

"ॲस्पेनचा भुसा आहे का?"

"सागाचा आहे, देवदाराचा आहे. कशाला पाहिजे?"

"अंथरुणासाठी."

"अहो काका, भुशावर कशाला झोपता? बेड करून देतो की. सिंगल का डबल?"

"एकटाच आहे."

"माप सांगा." मच्छिंद्रनं कानावरची पेन्सिल काढली.

"लांबी साडेतीन फूट. रुंदी..." नागोरावांनी अंगठा दाखवला. "एवढी."

मच्छिंद्रनं पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. "फूटपट्टी झोपवताय का?"

"साप आहे. आजारी आहे."

"मग देवदाराचा न्या," मच्छिंद्र रंधा चालवायला लागला. "वास छान येतो. आजारी माणसाला बरं वाटतं."

नागोरावांनी पिशवीभर देवदाराचा भुसा आणला. पेटीत ओतण्यापूर्वी नियमाप्रमाणे उरलेली पानं वाचली. नवव्या पानावर ठळक अक्षरांत होतं, की देवदाराच्या वासानं साप दगावतो. त्यांनी पिशवी गॅलरीत नेऊन ठेवली आणि दोनदा हात धुतले. टॉवेलचा विचार अकराव्या पानानं मोडीत काढला. टॉवेलच्या धाग्यांत खवले अडकतात. पाहिजे होतं गुळगुळीत, सुती आणि पांढरं, म्हणजे जखमेतून काही आलं तर लगेच दिसेल. घरात असं एकच कापड होतं. विशाखाबाई दळण आणायला गेल्या होत्या. वर पाठवायला कुणी नव्हतं. नागोरावांनी कपाट उघडलं.

पांढऱ्या साडीच्या घडीवर सापाला ठेवल्यावर दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यानं अंग सैल सोडलं. मग हळूच वेटोळं करून तो निजला. नागोराव समोर खुर्ची ओढून तासभर त्याच्याकडे बघत बसले. कधी काळी चैताली तापातून उठली होती, तेव्हा ते असे बसले होते.

दुसरा दिवस रविवार. विशाखाबाईंना विहारात वंदनेला जायचं होतं. कपाटातला कप्पा रिकामा दिसला, आणि मग पेटी दिसली.

"काहून जी, माझी वंदनेची साडी सापाखाली?"

"अगं, तो आजारी आहे. पेपर चिकटतो त्याला."

"मग मी काय त्याचा पेपर नेसून जाऊ?"

भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत वाढलेल्या विशाखाबाईंना सापाचं भय नव्हतं. त्यांनी झाकण काढलं आणि पदर धरून ओढला. साडी उलगडत गेली, साप तिच्यावरून वाहत जमिनीवर आला, गॅलरीच्या दारातून बागेकडे वळला आणि कुंड्यांमागे नाहीसा झाला.

"विशाखा, तस्कर पळाला!" नागोराव ओरडले.

शेजारच्या गॅलरीत सोसायटीचे चेअरमन जयसिंग मोहिते चहा घेत होते. त्यांनी एवढंच ऐकलं. पाच मिनिटांत फाटकाला कुलूप लागलं, वॉचमनच्या हाती लोखंडी गज आला आणि फळ्यावर खडूनं सूचना उमटली: 'सोसायटीत तस्कर शिरला आहे. महिलांनी दागिने सांभाळावेत.' मग मोहिते वही-पेन घेऊन रामटेक्यांकडे आले आणि खुर्चीत बसले.

"दिसायला कसा होता?"

"तपकिरी. मानेवर दोन काळे पट्टे," नागोराव म्हणाले.

"मफलर असणार. उंची?"

"साडेतीन फूट."

"म्हणजे टोळीनं पोर पाठवलंय. आणखी काही खूण?"

"पोटाला जखम आहे."

"शाब्बास! तुम्ही हाणलंत?"

"नाही हो. मी दोन दिवस मलम लावतोय."

मोहित्यांचं पेन थांबलं. साडी झटकत विशाखाबाई म्हणाल्या, "अवो, साप आहे जी तो. तस्कर त्याची जात आहे."

"सापच ना? मला वाटलं..." मोहित्यांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि मग दोन्ही पाय खुर्चीवर उचलून घेतले. तसंच बसून त्यांनी जाहीर केलं, की उद्या दुपारपर्यंत साप सापडला नाही, तर रामटेक्यांविरुद्ध ठराव मांडण्यात येईल.

ठरावाचं नागोरावांना फारसं काही वाटलं नाही. मातीनं जखम चिघळेल, या विचारानं मात्र ते दिवसभर गुडघ्यांवर रांगत बाग पालथी घालत राहिले. चार दिवसांपूर्वी सापाच्या चित्राचं पान उलटतानाही ते टोकाला धरायचे. आता ते प्रत्येक कुंडीमागे उघडा हात घालून चाचपत होते. चैतालीचा फोन आला, तेव्हा त्यांनी तो विशाखाबाईंच्या हातात दिला. विशाखाबाई म्हणाल्या, "बाबा बागेत आहेत. साप पण मजेत असन."

सोमवारी दहाच्या सुमारास मोहिते दारात उभे राहिले. आवाज एकदम खाली आला होता.

"सापडला. आमच्याकडे आहे."

"मग काढायचा ना!"

"आई काढू देत नाही."

मोहित्यांची आई सुंदराबाई थंडीपुरती मुळशीकडच्या गावाहून आली होती. मोहिते मंगळवारी भाच्याच्या लग्नासाठी कोल्हापूरला निघणार होते आणि जमिनीवर त्यांची बॅग उघडी होती. वरच नवाकोरा, लोकरी सुटाचा कोट. त्याच्या डाव्या बाहीतून सापाचं तोंड बाहेर आलं होतं. समोर दुधाची वाटी, आणि शेजारी मांडी घालून सुंदराबाई.

"आजी, साप दूध पीत नाही," नागोराव म्हणाले.

"नगं पिऊ दे. पावना हाय. आला तसा जाईल."

"त्याच्या पोटाला जखम आहे. दोन वेळा मलम लागतं."

सुंदराबाईंनी विचार केला. धडधाकट पाहुणा वेगळा, दुखणाईत वेगळा. "मग न्या. पर हाय असा न्या. उबंला निजलाय, उठवायचा न्हाई."

"आई, तो कोट मला परवा लग्नात घालायचाय," मोहिते म्हणाले.

"तुला दुसरा न्हाई का?"

"आहे, पण..."

"त्याला हाय का?"

नागोरावांनी दोन्ही हातांवर कोट उचलला आणि तान्हं मूल न्यावं तसा घरी नेऊन पेटीत ठेवला. बाहीचं रेशमी अस्तर उलटून पाहिलं, तर जखमेला मातीचा कण नव्हता, धागाही नव्हता. मोहिते जुन्या कोटात लग्नाला जाऊन आले.

गुरुवारी चैताली परतली. तोवर सापानं कात टाकली होती आणि जखमेवर कोवळी, चकचकीत कातडी दिसत होती. तिनं पेटीतल्या कोटाची बाही उलटून पाहिली.

"बाबा, रेशमी अस्तर! कसली आयडिया आहे! माझ्या डोक्यात नसतं आलं. कुणी ठरवलं हे?"

नागोरावांनी घसा साफ केला.

"सापानं," स्वयंपाकघरातून विशाखाबाई म्हणाल्या.

चैताली हसली आणि मलमाची डबी बापाकडेच सरकवून म्हणाली, "संध्याकाळचं तुम्हीच लावा. तुमच्या हातून शांत राहतो तो." नागोरावांनी डबी घेतली. ती त्यांनी कुठेही वर पाठवली नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सुंदराबाई होत्या. हातावर एक घडी घातलेली लोकरी पॅन्ट. मागे मोहिते, रामटेक्यांच्या नावाची पाटी वाचत असल्यासारखे.

"थंडी लई हाय," सुंदराबाई म्हणाल्या. "नुसत्या कोटावर किती दिस काढंल त्यो? ही जोडीची इजार हाय. ही बी असू द्या त्याला."

नागोरावांनी मोहित्यांकडे पाहिलं.

"घ्या, घ्या," मोहिते पाटीवरची नजर न काढता म्हणाले. "कोटाशिवाय मला तरी काय कामाची? फक्त त्याला सांगा, इस्त्री मोडू नकोस."